वॉर्डात लेकीने पाणी पिणं सोडलं आणि मला दोन दिवस पत्ता नव्हता

लालबागची_आई
सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणता म्हणता लेक घरी येऊन तीन आठवडे झाले. ती शाळेत जायला लागली, म्हणून आज जरा बसलेय. लिखाण लांबेल, सांभाळून घ्या.

लेक दहा वर्षांची, पाचवीत. तिचं नाव इथे लिहीत नाही, चिऊ म्हणते. जुलैत तिचं अपेंडिक्स फुटलं. आधी दोन दिवस पोटात दुखतंय म्हणून आम्ही गोळ्यांवर काढले, ती चूक आमचीच. तिसऱ्या रात्री ताप १०३ आणि पोट फळीसारखं घट्ट. टॅक्सीत घातलं आणि पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. रात्री दीडला ऑपरेशनला घेतलं. पहाटे साडेचारला हाउसमन डॉक्टर बाहेर आला, "पू खूप होता, सगळं धुतलंय, नळी ठेवलीय, घाबरू नका," म्हणाला. डोळे लाल झाले होते त्याचे. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी डॉक्टरांना बोल लावू नये. माझी लेक त्यांनी वाचवली आहे आणि ते मी जन्मभर विसरणार नाही.

वॉर्ड मुलांच्या सर्जरीचा. चाळीसेक खाटा, पावसाळ्यामुळे मधल्या वाटेतही गाद्या. मुलगे-मुली एकत्रच. आमची खाट दारापासून तिसरी. समोरच्या खाटेवर चिऊच्याच वयाचा एक मुलगा, मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन लावून ठेवलेलं. त्या बिचाऱ्याला कूस बदलता येत नव्हती, त्यामुळे दिवसभर त्याचं तोंड आमच्याकडे.

चौथ्या दिवशी लघवीची नळी काढली, सलाईन कमी केलं आणि आता तोंडाने भरपूर पाणी द्या म्हणून सांगितलं. मी दर अर्ध्या तासाने वाटी पुढे करायचे. ती ओठ लावायची आणि परत द्यायची. नारळपाणी आणलं, तेही नको. सरबत नको. मळमळत असेल, असं मी धरून चालले. रात्री सिस्टरने बारा तासांची लघवी मोजून कागदावर लिहिली, १२० मिली. सकाळी राउंडला मोठे डॉक्टर माझ्यावर चिडले. "आई, पाणी पाजत नाही का तुम्ही?" पुन्हा सलाईन, पुन्हा सुई. हात आधीच सुजलेले, तिसऱ्यांदा टोचल्यावर शीर सापडली.

त्या रात्री दोन वाजले असतील. अर्धे दिवे घालवलेले. तिने मला खुणेने खाली वाकायला लावलं आणि कानात म्हणाली, "आई, तो झोपला. आता भांडं दे."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाणी प्यायलं की लघवीचं भांडं घ्यावं लागणार, आणि भांडं म्हणजे सगळ्या वॉर्डाच्या देखत. मी चादरीचा आडोसा करायचे, पण एका हातात चादर, दुसऱ्या हातात भांडं, आणि टाके ओढले जाऊ नयेत म्हणून तिला कमरेखालून उचलायला तिसरा हात आणायचा कुठून? चादर घसरायची. मला वाटायचं, चादरच तर आहे. ती मात्र तेवढ्या एका गोष्टीसाठी दोन दिवस तहानलेली राहिली.

आणखी एक. ड्रेसिंगच्या वेळी राउंडसोबत पंधरा-एक विद्यार्थी असायचे. फ्रॉक वर करायचे, पोटाबद्दल इंग्रजीत बोलायचे, निघून जायचे. ती मुठी आवळून डोळे मिटून पडायची. एकाने जखमेचा मोबाईलवर फोटो काढला. मी विचारलं, तर म्हणाला, "सरांना पाठवायचाय." कामासाठीच काढला असेल. पण त्यात तिचा चेहरा आला का, पुढे तो कुठे कुठे गेला, हे मला आजतागायत माहीत नाही.

सासूबाई म्हणतात, "एवढंसं लेकरू, तिला काय कळतंय!" तिला कळत होतं म्हणून तर तिने पाणी सोडलं.

तुमच्यापैकी कुणाचं मूल मुंबईत वॉर्डात राहिलं असेल तर लिहा. आणि खरं सांगा, अशा ठिकाणी पडदा मागणं म्हणजे लाड होतात का?

---

शिवडीकर
सोमवार, रात्री ११:५२

चिऊ आता बरी आहे हे वाचून हायसं वाटलं. ते "तो झोपला, आता भांडं दे" वाचून मी उठून लेकीच्या खोलीत डोकावून आलो. लाड अजिबात नाहीत. बाकी जाणकार बोलतीलच.

---

निवृत्त_सिस्टर
मंगळवार, सकाळी ६:४०

चिऊच्या आई, मी पालिकेच्या रुग्णालयात चौतीस वर्षं काढली, त्यातली अकरा मुलांच्या वॉर्डात. तुमचं लिखाण पहाटे वाचलं, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. कारण कमी पाणी पाजता म्हणून आयांना मीही बोललेली आहे. किती वेळा, ते आता आठवत नाही.

हे असं का होतं ते सांगते. आपले जुने वॉर्ड म्हणजे लांब दिवाणखाने. दोन्ही भिंतींना खाटांच्या रांगा, मोठ्या खिडक्या, टोकाला सिस्टरचं टेबल. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या काळापासूनची ही रचना. एका सिस्टरला टेबलावरून सगळ्या खाटा दिसाव्यात आणि हवा खेळती राहावी, हा त्यामागचा विचार. माणसं कमी असताना तिनेच आम्हाला तारलं आहे. पण अशा दालनात पेशंटला स्वतःचं असं काही उरत नाही, कारण आडोसा नसावा म्हणूनच ते बांधलेलं असतं.

मग आडोसा आणायचा स्क्रीनचा. चाकांचा, तीन पाखांचा, हिरव्या कापडाचा. माझ्या वॉर्डात दोन होते. एकाचं चाक कायम तुटलेलं. दुसऱ्याचं कापड धोब्याकडे गेलं की दहा-दहा दिवस परत यायचं नाही, आणि नुसता सांगाडा कोपऱ्यात उभा.

माणसांचं म्हणाल तर साध्या वॉर्डात दर सहा पेशंटमागे एक परिचारिका आणि आयसीयूत एकास एक, असे केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचे जुने निकष आहेत. मी रात्रपाळीला चाळीस खाटांवर साठ मुलं सांभाळली आहेत, सोबत एक शिकाऊ मुलगी आणि एक मावशी. जुलै-ऑगस्टात डेंग्यू, लेप्टो, गॅस्ट्रो सगळं एकदम येतं, एका खाटेवर दोन-दोन पोरं. त्यात कुणाला भांडं हवंय आणि कुणाला लाज वाटतेय, हे बघायला डोळे उरत नाहीत. ही सबब म्हणून सांगत नाही, जे होतं ते सांगते.

आता उपयोगाचं. ज्यांचं मूल आज वॉर्डात असेल त्यांनी हे करा. सलाईनचे दोन स्टँड मागून घ्या, रिकामे कुठेतरी असतातच. खाटेच्या ज्या बाजूने दिसतं तिथे ते उभे करा आणि चादरीची वरची दोन टोकं गॉझ बँडेजने स्टँडच्या आकड्यांना बांधा. घट्ट गाठ नको, सुरगाठ मारा, म्हणजे गडबडीत एका झटक्यात सुटेल. तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात. टाके असलेल्या मुलाला सरळ उचलू नका. गुडघे दुमडायला लावा, कुशीवर वळवा, भांडं पाठीला टेकवा आणि भांड्यासकट परत उताणं करा. आधी मांडीवर चादर टाका, मगच कपडा सोडवा. आणि मुलाला आधी सांगा, "आता मी पांघरूण घालणार, मग कपडा काढणार." सांगितलं की अर्धी भीती जाते.

---

डोंबिवली_फास्ट
मंगळवार, सकाळी ९:१५

ताई, तुमच्या लेकीला उदंड आयुष्य लाभो. पण माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

२०१९ च्या पावसाळ्यात माझा मुलगा डेंग्यूने आडवा झाला. सहा वर्षांचा. प्लेटलेट १८ हजार. दोन खाजगी ठिकाणी आधी लाखभर भरा म्हणाले. शेवटी पालिकेच्या रुग्णालयात जमिनीवर गादी मिळाली, आणि त्या गादीवर तो वाचला. खिशातून औषधांचे म्हणून चार हजारही गेले नसतील. अशा ठिकाणी आपण पडदे मागत बसलो तर आहे तेच हातचं जाईल, अशी मला धास्ती वाटते. पैसा पडद्यावर गेला तर सलाईनवर कमी पडणार ना?

दुसरं महत्त्वाचं. आमच्या शेजारच्या गादीवरच्या बाळाला आकडी आली तेव्हा त्याची आई चहा आणायला गेली होती. वॉर्डाच्या त्या टोकाहून सिस्टरने पाहिलं आणि धावत आली. मध्ये पडदा असता तर? मूल लाजलं तरी चालेल, पण दिसायला हवं.

---

लालबागची_आई
मंगळवार, दुपारी १:०५

दादा, राग कशाला! तुम्ही म्हणता ती आकडीची गोष्ट माझ्या मनातच आली नव्हती. खरंच विचार करायला लावलंत.

पण पैशांचं पटत नाही. चिऊच्या बाबतीत पडदा नसल्यामुळेच जास्तीचं सलाईन लागलं. दोन दिवस जास्तीचं.

सिस्टर, तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका हो. त्या स्टँडच्या युक्तीने माझे अकरा दिवस वेगळे गेले असते.

---

निवासी_डॉक्टर_मुंबई
मंगळवार, रात्री १:३०

मी बालरोग विभागात तिसऱ्या वर्षाचा निवासी आहे, चिऊच्या रुग्णालयातला नाही. आत्ताच ड्युटी संपली. झोप यायला हवी, पण हा धागा पुन्हा उघडला.

१२० मिलीचं सांगतो. मुलाने तासाला किलोमागे साधारण १ मिली लघवी करावी, हा आमचा अंदाज असतो. चिऊ ३० किलोची धरली तर बारा तासांत ३६० व्हायला हवी. झाली तिसरा हिस्सा. पोटात पू झालेल्या मुलात हा आकडा दिसला की आमच्या डोक्यात जंतुसंसर्ग पसरला का, मूत्रपिंडावर ताण आला का, हेच येतं. मग सलाईन वाढतं, मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी (क्रिएटिनिन) रक्त जातं, कधी सोनोग्राफी होते. त्या फॉर्मवर "मुलीला लाज वाटते" असं लिहायला रकाना नाही आणि मलाही ते विचारायचं सुचलं नसतं. तुमची पहिली पोस्ट काल रात्रीच वाचली होती, म्हणून आज ड्युटीत दोन मुलांना विचारलं, "शूला जायला अडचण होते का?" एकाने मान डोलावली. तो नऊ वर्षांचा मुलगा. लाज फक्त मुलींना वाटते असं आपण धरून चालतो, ते साफ चुकीचं आहे.

दुसरी गोष्ट हिस्ट्रीची, म्हणजे पेशंटला विचारून माहिती घेण्याची. पहिल्या वर्षाला असताना चौदा वर्षांच्या मुलीला खाटेशी उभा राहून मी विचारलं होतं, पाळी कधी आली होती? डाव्या हाताला आई, उजवीकडच्या खाटेवर दुसऱ्या मुलाचे वडील. ती म्हणाली, वेळेवर येते. मी लिहून घेतलं. तीन दिवस आम्ही पोटदुखीचं कारण भलतीकडे शोधत राहिलो. मग आमच्या मॅडमनी तिला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं, दार लावलं, पाच मिनिटं बोलल्या. तिला पाळी आलीच नव्हती, वर्गातल्या सगळ्या मैत्रिणींना आली म्हणून ती खोटं बोलली होती. पाळीचं रक्त बाहेर न येता आतच साठत होतं. पाच मिनिटं आणि एक दार, एवढ्यावर निदान अडलं होतं.

राउंडबद्दल: खाटेपाशी शिकल्याशिवाय डॉक्टर तयार होत नाही. तुमच्या मुलीच्या पोटाला हात लावूनच पुढच्या मुलीचं घट्ट पोट कसं ओळखायचं ते कुणीतरी शिकलं असेल. पण पंधरा जणांनी एकाच वेळी उभं राहायची गरज नसते. दोघांनी तपासावं, बाकीच्यांनी बाहेर चर्चा करावी. आणि आधी मुलाला विचारावं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, मुलांवर संशोधन करायचं तर आईबापांच्या सहीबरोबर ७ ते १२ वयाच्या मुलाची तोंडी आणि १२ च्या पुढे लेखी संमती घ्यावी लागते. संशोधनासाठी सात वर्षांच्या पोराला विचारतो, तर फ्रॉक वर करायच्या आधी दहा वर्षांच्या मुलीला का विचारू नये?

फोटोचं खरं सांगतो. रात्री तीनला सर घरी असतात, जखम कशी दिसते हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून फोटो जातो, आणि कित्येकदा त्याने मुलाचा फायदाच होतो. पण तो आमच्या खाजगी मोबाईलवर, घरच्या फोटोंच्या शेजारी पडून राहतो. मी आता तीन नियम पाळतो. आईला विचारायचं, चेहरा आणि केसपेपरचा नंबर येऊ द्यायचा नाही, काम झालं की पुसायचा, तेही आईच्या समोर.

---

जुळ्यांची_आई
बुधवार, दुपारी ३:४०

डोंबिवलीच्या दादांना आणि सगळ्यांनाच सांगायचंय. माझी जुळी तिसाव्या आठवड्यात झाली. एक १२५० ग्रॅम, एक ११०० ग्रॅम. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, सांगितलं, कांगारू केअर द्या. बाळाला फक्त लंगोट-टोपी आणि तुमच्या उघड्या छातीवर उभं धरून ठेवायचं, जितके तास जमेल तितके. ही पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियात बोगोटाला इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून सुरू झाली. आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातही त्यावर बरंच काम झालेलं आहे. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास आला. जन्मल्याबरोबर कांगारू केअर सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांत २८ दिवसांतले मृत्यू साधारण २५ टक्क्यांनी कमी झाले.

म्हणजे औषध मीच होते. पण मी कुठे बसायचे? पॅसेजच्या काचेला लागून ओळीने खुर्च्या. काचेपलीकडे नातेवाइकांची रांग. पदर सारखा करता करता माझा अर्धा जीव जायचा. एक तास झाला की हात भरून आला म्हणून बाळ परत द्यायचे. हात भरून यायचा नाही, मला तिथे बसवायचं नाही. सातव्या दिवशी एका सिस्टरने कोपऱ्यात दोरी बांधून जुन्या चादरी टाकल्या. त्या दिवशी मी साडेपाच तास बसले. बाळाचा श्वास माझ्या श्वासाबरोबर चालतोय, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. छोटी आता दुसरीत आहे.

दूध काढण्याचंही तेच. दुसऱ्यांच्या देखत बसलं की थेंब उतरत नाही, चार भिंतींत बसलं की वाटी भरते. सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी देशातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. आज तिथे इतर आयांच्या दुधावर कितीतरी लहान जीव जगतात. ते दूध काढणारी प्रत्येक बाई कुठेतरी आडोशाला निवांत बसलेली असणार, हे तेव्हा लक्षात आलं.

---

दर_तीन_आठवडे
बुधवार, रात्री १०:१०

माझा मुलगा बारा वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर. हा जन्मजात रक्ताचा आजार, संसर्गाने होत नाही. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला डे केअरला नेतो. पहाटेची लोकल, सकाळी रक्त जुळतं का ते बघायचं (क्रॉसमॅच), संध्याकाळी घरी. सिस्टर त्याला नावाने ओळखतात, कुठल्या हाताची शीर चांगली ते विचारतात. देखभालीबद्दल माझी एका शब्दाचीही तक्रार नाही.

माझं दुखणं फळवाटपाचं आहे.

कुणाचा वाढदिवस असला की माणसं येतात. प्रत्येक मुलाच्या हातात एक सफरचंद, एक बिस्किटाचा पुडा, आणि फोटो. मुलाच्या हातात रक्ताची नळी आहे, तोंड सुकलंय, तरी "बाळा, इकडे बघ." मागच्या वर्षी आमच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. त्यात माझा मुलगा. वर रक्ताची पिशवी, हातात सफरचंद, खाली आजाराचं नाव ठळक अक्षरात. त्याची शाळा त्याच रस्त्यावर. तोवर शाळेत फक्त वर्गशिक्षिकांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला कुणी डब्यातलं दिलं नाही, रक्ताचा आजार लागतो म्हणून. घरी येऊन मला म्हणाला, "बाबा, मी सफरचंद घेतलंच नसतं तर फोटो काढला नसता ना?"

मला नाही म्हणता आलं असतं का? रक्तदान शिबिरं हीच मंडळी भरवतात. मे महिन्यात रक्ताचा तुटवडा पडतो तेव्हा त्यांच्याच शिबिरांतल्या पिशव्यांवर आमची मुलं उभी असतात. त्यांच्या चांगुलपणावर मला शंका नाही. पण मुलाने रक्त घेतलं म्हणून त्याचा चेहरा द्यायचा, असा सौदा मी केलेला नव्हता.

हल्ली मी आधीच सांगतो, फोटो पाठमोरा काढा नाहीतर नुसत्या हातांचा काढा. दहातले सात जण लगेच ऐकतात. एक गृहस्थ तर दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

---

अंधेरी_पूर्व
गुरुवार, सकाळी ८:२०

खाजगीत सगळं आलबेल असतं असं कुणी समजू नका. आम्हाला दाराची खोली होती, एसी, टीव्ही. पण दारावर टकटक कुणीच करायचं नाही. जेवणाचा माणूस, बिलिंगचा माणूस, सफाईवाला, सगळे थेट आत. मुलीला स्पंजिंग चाललेलं असताना दोनदा दार उघडलं गेलं. शेवटी बायकोने वहीच्या कागदावर "दार वाजवा" लिहून चिकटवलं. आणि इन्शुरन्सच्या काउंटरवर मुलीचा आजार अख्ख्या लॉबीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवला.

---

गिरगावची_वकील
गुरुवार, दुपारी १२:५५

फोटो आणि गोपनीयतेबद्दल कायदा काय म्हणतो ते अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. रुग्णाची ओळख पटेल असा फोटो किंवा केस परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, आणि उपचार करताना कळलेली खाजगी माहिती कोर्टाचा आदेश, इतरांना गंभीर धोका किंवा कळवणं बंधनकारक असलेला आजार अशी कारणं सोडून उघड करता येत नाही. याच नियमांत आणखी एक कामाची गोष्ट आहे: तुम्ही मुलाचे कागद मागितले तर ७२ तासांत द्यायला हवेत. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा स्वतंत्र कायदा गोपनीयता सांभाळतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पॉक्सो, २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) प्रमाणे मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच करायची, आणि मुलगा असो की मुलगी, आईबाप किंवा मुलाचा ज्यावर विश्वास आहे अशी व्यक्ती तिथे हजर हवी. मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापणं हा गुन्हा आहे.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद केली. तिच्यातल्या १७ हक्कांमध्ये गोपनीयता आणि सन्मानाने वागणूक हे स्पष्ट लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या २०२१ च्या नियमांनी खाजगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितली आहे. अंधेरीच्या दादांनी पुढच्या वेळी भिंतीवर ती शोधावी. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ च्या खालचा प्रत्येक जण मूल धरला आहे, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. त्यात काही अपवाद आहेत, आरोग्यसेवेलाही सूट आहे, पण नाक्यावरचा फ्लेक्स ही आरोग्यसेवा होत नाही.

एवढं सांगून माझा अनुभव सांगते. पडद्यासाठी नोटीस पाठवून पडदा येत नाही. मेट्रनना (परिचारिकांच्या प्रमुख) साध्या मराठीत अर्ज द्या, पोच घ्या, प्रत अधीक्षकांना. रुग्णालयात समाजसेवा अधिकारी असतात, त्यांना भेटा. कुणाचं नाव घेऊन तक्रार लिहू नका, काय हवं ते लिहा: अमुक वॉर्ड, इतक्या खाटा, इतके स्क्रीन.

---

डोंबिवली_फास्ट
गुरुवार, रात्री ९:३०

सगळं वाचलं. आकडीची भीती अजून मनात आहे, ती जाणार नाही. पण जुळ्यांच्या आईंचं वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, त्या वॉर्डात ती सात दिवस अंधार पडल्याशिवाय बाथरूमला गेली नव्हती. सहा वर्षांत तिने मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी पोराच्या प्लेटलेट मोजत होतो.

सिस्टर, पडदा असूनही मूल दिसेल असं काही करता येतं का?

---

निवृत्त_सिस्टर
शुक्रवार, सकाळी ६:१५

येतं की. पडदा कायमचा ओढून ठेवायचाच नसतो. भांडं, ड्रेसिंग, स्पंजिंग, तपासणी, एवढ्यापुरता पाच-दहा मिनिटं, आणि तेव्हा कुणीतरी मोठं माणूस आत असतंच. काम झालं की सरकवायचा. आकडीचं किंवा गंभीर मूल टेबलाजवळच्या खाटांवर घ्यायचं, हे आम्ही नेहमीच करायचो. मोठ्या मुली भिंतीकडच्या कोपऱ्यात एकत्र ठेवल्या तरी निम्मं काम होतं. त्याला पैसा लागत नाही, सकाळी खाटा लावताना मनात आलं पाहिजे.

पडदे दान करायचे असतील तर आधी विचारा. उत्साहाने रंगीत कापड घेऊन जाऊ नका. उकळत्या पाण्यात धुता यायला हवं, कारण जंतुसंसर्गाचा प्रश्न असतो. प्रत्येक रुळाला दोन जोड हवेत, एक धोब्याकडे असताना दुसरा लावायला. आणि वरून हातभर जाळी सोडा, नाहीतर पंख्याचा वारा अडतो आणि उकडतं म्हणून लोकच पडदा काढून टाकतात.

---

लालबागची_आई
पुढचा बुधवार, रात्री १०:४५

काल अर्ज घेऊन गेले होते. वकीलताईंनी सांगितलं तसाच लिहिला, कुणाचं नाव नाही. मेट्रननी पूर्ण वाचला. पाण्याच्या भागाशी थांबल्या, परत वरून वाचला. मग मला वॉर्डात घेऊन गेल्या. समोरच्या खाटेवरचा मुलगा घरी गेलाय म्हणे, पाय जुळला त्याचा. बरं वाटलं. सगळ्या खाटांना रूळ लावायला मंजुरी लागेल आणि वेळ जाईल, असं त्या स्पष्ट बोलल्या. पण भिंतीकडच्या सहा खाटा मोठ्या मुलींसाठी ठेवायचं त्यांनी तिथेच सिस्टरना सांगितलं, आणि दोन स्क्रीनची चाकं या आठवड्यात बदलून घेते म्हणाल्या. कापड आम्ही शिवून द्यायचं ठरलं. आमच्या चाळीत दोघी शिवणकाम करतात, त्यांनी माप घ्यायला सोबत यायचं कबूल केलंय.

घरी येऊन चिऊला विचारलं, पडद्यावर काय चित्र हवं? फुलपाखरं? ससे? मला वाटलं खूश होईल. ती बराच वेळ गृहपाठाच्या वहीवर पेन्सिल फिरवत बसली. मग म्हणाली, "चित्र नको. जाड हवा. आणि खालून पाय दिसत नाहीत एवढा लांब."

कुणाला असं कापड भायखळा-परळ भागात ठोक भावात मिळतं ते माहीत असेल तर इथेच लिहा. बारा जोड लागतील.